सतराव्या वर्षी सुरू झालेला प्रवास

डायरेक्शन माझ्या रक्तातच आहे! आमच्या खानदानात आजवर कोणी कॅमेरा हातात धरला न्हाई ही गोष्ट वेगळी, पण रक्त ते रक्तच. म्हणून कॉलेजात आमच्या वर्गाच्या सरांनी सांगितलं, की जालन्याला शॉर्टफिल्मची स्पर्धा आहे, विषय 'किशोरवयीन मुलांची ओळख', सोमवारपर्यंत प्लॅनिंग कागदावर द्या, तेव्हा सगळ्यात आधी हात माझाच वर गेला.

विषय तर मला असा कळला म्हणून सांगू! सतरा वर्षं झाली, या भोकरदनमध्ये मला कोणी प्रीती म्हणून हाक मारली न्हाई. किराणा दुकानात गेले, की "राजानंद सरांच्या पोरीला साखर दे रे!" एसटीत चढले, की "सरक जरा, सरांची पोरगी आली." एकदा पाय मुरगळला, तर दवाखान्यातल्या चिठ्ठीवर नाव काय? 'राजानंद सर, मुलगी'! मला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. कुठंतरी, मोठ्या अक्षरात, एकटं माझं नाव. बस!

पण मला दम निघत न्हाई. भाकर तव्यावर पडली की मी ताट घेऊन बसते. म्हणून स्टोरी लिहायच्या आधीच मी चौकात सिनेमाचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. हिरो आमच्या वर्गातला अंगद. अभिनय येतो म्हणून न्हाई, बाकीची पोरं पळून गेली म्हणून.

"हसू नको! आतून तुटल्यासारखा बघ!" मी मोबाइल धरून ओरडले.

"प्रीते, आतून म्हंजी कुठून?"

"भूक लागल्यावर बघतोस ना, तसा!"

तसं बघितलं त्यानं, अन् काय फोटो आला! तो मी काळा-पांढरा केला. एकदम कलात्मक! फ्लेक्सवाल्या आदिनाथ दादाला पाठवला अन् खाली लिहिलं, "फोटो काळा-पांढराच ठेवा. वर 'अंगद'. खाली 'सतराव्या वर्षी सुरू झालेला प्रवास'. शेवटी माझं नाव. जल्दी!"

त्याचं उत्तर आलं, "समजलो ताई. धीर धरा. सकाळी लावून टाकतो."

धीर धरा असं का म्हणाला, हे तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.

रविवारी सकाळी मी पळतच चौकात गेले. फ्लेक्स लागला होता. अंगदच्या फोटोला झेंडूची माळ. बाजूला तेवता दिवा. 'सतराव्या वर्षी सुरू झालेला प्रवास' याच्या आधी आदिनाथ दादानं स्वतःच्या मनानं 'अनंताकडे' टाकलं होतं. अन् खाली, 'शोकाकुल : राजानंद सर परिवार'!

खरं सांगते, मला आधी अंगदचं न्हाई, नावाचंच वाईट वाटलं.

"दादा! हे काय करून ठेवलं?"

"ताई, फोटो काळा-पांढरा म्हणल्यावर इचारायचं काय ऱ्हातं? माळ तर मी माझ्याकडून टाकली."

"अन् माझं नाव?"

"एकट्या पोरीचं नाव फ्लेक्सवर बरं दिसत न्हाई. सरांचं टाकलं."

"आधी उतरवा तो!"

"शिडी दुसऱ्या चौकात गेली. तिथं वाढदिवस हाये."

तोवर फ्लेक्सचा फोटो गावभर फिरला होता. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. त्यात सातव्या नंबरवर अंगदनंच हात जोडले होते! कोण गेलं ते न वाचताच! अन् परत झोपला.

मी त्याच्या घराकडं पळत सुटले. त्याची आई, सुरेखा काकू, बाजारात मेथी निवडून राह्यल्या होत्या. तिथं कोण्या बाईनं त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. काकू मेथी तिथंच टाकून अनवाणी घरी पळाल्या. मी पोचले तेव्हा अंगद अंगणात दात घासून राह्यला होता. काकूंनी आधी त्याला दोन ठेवून दिल्या, मंग छातीशी असं आवळलं, की त्याचा ब्रश खाली पडला. मी तो उचलून धुऊन दिला, अन् काकूंपुढं कान धरले.

पण आता थांबतंय कोण! सुतकाच्या घरी चूल पेटत न्हाई, म्हणून शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. अंबडहून अंगदच्या दैवशाला मावशी गाडी करून निघाल्या, त्या फोनवर रडतच! अन् हा अंगद? ओट्यावर बसून स्वतःच्याच सुतकाचं पिठलं खाऊन राह्यला!

"मावशी यायली म्हणे. येताना भजे आण म्हणावं का?" त्यानं मलाच विचारलं.

दुपारी त्याचे वडील, सर्जेराव काका, आमच्या दारात.

"सर, तुमच्या पोरीनं माझं पोरगं जित्तेपणी मारलं! आता त्याच चौकात, तेवढाच फ्लेक्स पाह्यजे. पोरगं हयात हाये म्हणून लिव्हा, अन् खाली माफी मागा!"

"बराबर आहे," पप्पा म्हणाले. मंग माझ्याकडं वळले. "पण माझं नाव एका अक्षरानं येता कामा नये. चूक तुझी, नाव तुझं!"

मी मान खाली घातली. शरम तर वाटून राह्यली होतीच, पण आतून मन टुणकन उडालं. एकटं माझं नाव!

आदिनाथ दादाच्या डोक्यावरच उभी राहिले. "फोटो रंगीत. माळ न्हाई. दिवा न्हाई. अंगद हयात आहे, माफी असावी. खाली फक्त प्रीती!"

"बिलकुल, ताई!"

सोमवारी सकाळी गेले. अंगद, गॉगल लावलेला. चारी बाजूनं फुगे अन् गुलाब. 'अंगद हयात आहेत! दीर्घायुष्याच्या लाख लाख शुभेच्छा!' अन् खाली, हातभर अक्षरात, एकटं, 'तुमचीच प्रीती'.

"दादा, माफी कुठंय?"

"रंगीत फ्लेक्सवर माफी बरी दिसत न्हाई, ताई. अन् नुसतं प्रीती लई रिकामं दिसून राह्यलं होतं."

सगळा चौक माझ्याकडं वळला. मंग पानटपरीवरून कोणीतरी खाकरलं, "हीच का ती प्रीती?"

सतरा वर्षांनी गावानं मला नावानं ओळखलं! मी तोंडाला ओढणी बांधून घरी पळाले.

पप्पांपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. एका हातात फोन, एका पायात चप्पल. "आदिनाथ! अरे, जल्दी माझं नाव टाक खाली! राजानंद सर परिवार! जल्दी!"

दुपारपर्यंत 'तुमचीच'वर पांढरा रंग फासला, अन् माझ्या नावावर पप्पांच्या नावाची पट्टी चिकटली. पण पट्टी जराशी आखूड पडली. तिच्या डाव्या बाजूला अजून 'प्री' तेवढं दिसतं.

स्पर्धेचा कागद कोराच राह्यला, पण जाता-येता मी ते 'प्री' बघते. पट्टीखालच्या 'ती'चं पुढच्या सिनेमात बघू!