टिल्लूकाकांचा पूर्वपक्ष

इथं लंडनमध्ये आमच्या समोरच्या घरातल्या टिल्लूकाकांनी मागच्या वर्षी कौन्सिलला तक्रारीचं पत्र लिहिलं. तीन आठवडे कचऱ्याचे बिन उचलले नव्हते, गल्लीभर वास सुटला होता, कोल्हे दिवसाढवळ्या मेजवान्या झोडत होते. पत्र चांगलं दोन पानी होतं. त्यातलं पहिलं दीड पान कौन्सिलची बाजू. माणसं कमी, रस्ते अरुंद, लोक पुठ्ठ्यांच्या बिनमध्ये खरकटं टाकतात, आणि या थंडीत पहाटे साडेपाचला उठून दुसऱ्याचा कचरा ओढणं म्हणजे काय चेष्टा आहे का, वगैरे. शेवटच्या चार ओळींत आमचा कचरा. आठ दिवसांनी उत्तर आलं की इतकं समजूतदार पत्र आम्हाला आजवर कोणी लिहिलं नव्हतं, मनापासून आभार. बिन होते तिथंच.

"काय उपयोग झाला काका?" मी वैतागून विचारलं.

"अगं, त्यांची बाजू त्यांना मान्य झाली ना! आता आपली मांडायची. दुसरं पत्र लिहायला घेतलंय."

काय बोलणार बाप्पा! मी नागपूरची. आमच्याकडे भांडण म्हणजे भांडण असतं, त्याला प्रस्तावना नसते. पण मधुसूदन टिल्लू मूळचे वाईचे, आणि त्यांचे आजोबा शास्त्री. शास्त्र्यांच्या वादात म्हणे आधी पूर्वपक्ष मांडायचा. म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडून दाखवायचं, मग विचारायचं, "मान्य?" तो "मान्य" म्हणाला तरच आपलं तोंड उघडायचं. आजोबांनी हा नियम वेदान्ताला लावला. नातू तो वेम्बलीत बिनला, बसच्या रांगेला आणि ईलिंग रोडवरच्या भाजीवाल्याच्या भेंडीलाही लावतो. भेंडी जून आहे असं काका सरळ म्हणणार नाहीत. आधी भेंडीला इथवर यायला किती विमानं बदलावी लागतात ते सांगतील. तोवर मागची रांग दारापर्यंत जाते.

एकदा माझं आणि समीरचं, म्हणजे नवऱ्याचं, त्यांच्यासमोरच वाजलं. विषय असा की ख्रिसमसच्या सुट्टीत नागपूरला जायचं की नाही. काकांनी हात वर केला. "समीर, आधी हिचं म्हणणं मांड." समीरने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हिचं म्हणणं असं आहे की मी चुकतोय."

"मान्य?" काकांनी मला विचारलं.

"मान्य!" मी म्हटलं. भांडण तिथंच मिटलं, आम्ही नागपूरला गेलो. तेव्हापासून मात्र काकांची पद्धत अगदीच टाकाऊ नाही असं माझं मत झालं.

आता माणूस एवढा वाईचा, एवढा शास्त्र्यांचा, तर त्याने क्रिकेट बघावं की नाही? नाही. क्रिकेटचं नाव काढलं की काका जांभई देतात. त्यांना वेड गेलिक फुटबॉलचं. मी क्रॉयडनच्या ऑफिसात हे सांगितलं तर लोकांना आधी तो खेळ सांगावा लागला. हा आयरिश लोकांचा खेळ. बॉल हातानेही मारतात आणि पायानेही. जाळ्यात गेला तर तीन पॉइंट, वरच्या दांड्यावरून गेला तर एक, फार लांबून वरून मारला तर दोन. बॉल घेऊन चार पावलं पळालं की तो आपटायचा नाहीतर पायावर टाकून परत हातात घ्यायचा. माझ्या मते हे सगळं एकाच वेळी तीन खेळ खेळल्यासारखं दिसतं. पण काका डोळे मिटून सांगतात, "वर्षा, हे खेळाडू पगार घेत नाहीत. आज ऐंशी हजार माणसांसमोर फायनल खेळतात, आणि उद्या हाच फुलबॅक कुठल्यातरी शाळेत भूगोल शिकवतो. आणि कोणी कोणाला विकत घेत नाही. जो जिथला, तो तिथलाच."

वेड लागलं ते भिंतीमुळे. काकांच्या घराला लागून मायकलचं घर, मधे एकच भिंत. मायकल आयर्लंडच्या डोनेगल काउंटीतून तरुणपणी इथं विटांच्या कामावर आला. धिप्पाड गडी, आवाज त्याहून धिप्पाड. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी टिल्लू मंडळी इथं राहायला आली तेव्हा रविवारी दुपारी भिंतीपलीकडून अशी आरडाओरड यायची की काकू म्हणाल्या, जा, सांगून या त्यांना. काका गेले. पण नियम म्हणजे नियम! तक्रार करण्याआधी मायकलचा पूर्वपक्ष मांडायला हवा, तो मांडायचा तर हा माणूस ओरडतो का ते कळायला हवं, आणि ते कळायचं तर मॅच बघायला हवी. दोन तासांनी काका परत आले ते घसा बसवून. काकूंनी विचारलं, "सांगितलंत?" काका म्हणाले, "अगं, शेवटच्या मिनिटाला गोल हुकला. कोणीही ओरडेल."

तेव्हापासून दर वर्षी फायनलच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी चार वाजता, काकांच्या पुढच्या खोलीत वाद होतो. कोण जिंकणार आणि का. डोनेगल फायनलला असली तर मायकल डोनेगलचा, नसली तर मनाला येईल त्या संघाचा. काका कायम त्याच्या विरुद्ध. "तुमचा संघ कुठला?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मायकल जो घेत नाही तो."

मला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मला अध्यक्ष केलं. "तुझ्याइतकं निःपक्षपाती कोणी मिळणार नाही," हे काकांनी कौतुक म्हणून सांगितलं. देवघरातली घंटा माझ्या हातात. पूर्वपक्ष मान्य झाल्याशिवाय कोणी स्वतःचं घोडं पुढे दामटलं की घंटा वाजवायची. दडपे पोह्यांची परात मधे. काका इंग्रजीत बोलतात, पण त्यांचं इंग्रजी आतून मराठीच असतं, म्हणून मी ते इथं मराठीतच सांगतेय. मायकल काकांचा पूर्वपक्ष मांडताना इतके शब्द खायचा आणि इतक्या शिव्या घालायचा की मला सारखी घंटा बडवावी लागे. पण शेवटी "मान्य?" असं मात्र तो स्वच्छ मराठीत विचारायचा. तेवढा एकच मराठी शब्द त्याला येत होता. आणि काकांनी मांडलेली त्याची बाजू ऐकून तो दर वेळी म्हणायचा, "नो! एक मुद्दा राहिला." एक मुद्दा कायम राहिलेला असायचा. सहा-सहा वाजायचे.

काकू गेल्या त्या वर्षीही वाद झाला. मायकलच पोहे घेऊन आला होता. ते त्याने कसे केले होते ते विचारू नका, काकांनी दोनदा घेतले.

या फेब्रुवारीत मायकलला अर्धांगवायूचा झटका आला. जिवावरचं थोडक्यावर निभावलं म्हणायचं, पण उजवा हात गेला आणि शब्द गेले. कळतं सगळं, असं थेरपिस्ट म्हणाली. बोलायला मात्र एकच शब्द उरला, "ग्रँड." आयरिश लोकांचं ग्रँड म्हणजे आपलं "बरं आहे." चहा हवा का? ग्रँड. दुखतंय का? ग्रँड. टीव्ही बंद करू? ग्रँड. त्याची मुलगी नोरा नोकरीतून रजा काढून येऊन राहिली. ती एकदा आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "माझे बाबा आयुष्यात कोणाला हो म्हणाले नाहीत. आता कशालाच नाही म्हणत नाहीत. मला वाटतं ते सोडून देताहेत." मी तिला आत घेतलं आणि चहा दिला.

आणि नेमकी या वर्षी डोनेगल फायनलला! समोर केरी काउंटीचा संघ. नोराने काकांना हात जोडून सांगितलं, या वेळी वाद नको, सगळ्यांसमोर त्यांना बोलता आलं नाही तर ते आणखी खचतील. काकांनी आधी तिचं म्हणणं नीट मांडून दाखवलं, ती हो म्हणाली, आणि मग म्हणाले, "शनिवारी चार वाजता. पोह्याला नारळ मी आणतो."

शनिवारी मी साडेतीनलाच गेले. काका नारळ खवत होते. मला बघून हळूच म्हणाले, "वर्षा, आज मी एक पाप करणार आहे."

"काय?"

"डोनेगलचा पूर्वपक्ष मुद्दाम चुकीचा मांडणार. ढळढळीत चुकीचा. त्याला राहवणार नाही. एकदा तो नाही म्हणाला पाहिजे, बास. मग पुढचं पुढे." हे सांगताना त्यांचा चेहरा देवाच्या दानपेटीत हात घालणाऱ्या माणसासारखा झाला होता.

चार वाजता नोरा मायकलला हाताला धरून घेऊन आली. त्याला डोनेगलची हिरवी-पिवळी जर्सी घातली होती. खुर्चीत बसला, मला बघून हसला. मी घंटा वाजवली.

काका हातात वही घेऊन उभे राहिले. "डोनेगलची बाजू अशी," म्हणाले, "की त्यांचे खेळाडू सरावाला येत नाहीत. मान्य?"

मायकल बघत राहिला. "ग्रँड."

"त्यांचा गोलकीपर कधी जागचा हलत नाही. मान्य?"

"ग्रँड."

काकांना घाम फुटला. "डोनेगल हा सपाट मुलूख. डोंगर नावाला नाही, त्यामुळे पोरांना दम नाही. मान्य?"

मलासुद्धा कळलं हो! त्याच्या घरात प्रत्येक भिंतीवर डोनेगलचे डोंगरच लावलेत. मायकल काकांकडे शांतपणे बघत होता, अगदी कीव केल्यासारखा, आणि म्हणाला, "ग्रँड." नोराने मान खाली घातली.

काकांनी वही मिटली. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "नाही जमत गं. त्याला कळतंय मी खोटं बोलतोय. मी त्याच्याशी आजवर असं वागलो नाही, म्हणून बघ कसा बघतोय."

मग ते खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसले आणि त्यांनी डोनेगलची खरी बाजू मांडायला घेतली. वही नाही, काही नाही. पाऊस पडला तर सामना आमचा, कारण आमच्या पोरांना कोरडं मैदान कसं असतं ते माहीतच नाही. केरीवाले देखणं खेळतात, पण देखण्या माणसाला चिखल आवडत नाही. आमची पोरं एका शाळेतली, एका रस्त्यावरची, निम्म्यांनी एकमेकांच्या बहिणींशी लग्न केलेलं, म्हणून न बघता पास देतात. हे सगळं मायकलचंच होतं, वर्षानुवर्षं ऐकलेलं, त्याच्याच शिव्यांसकट. काकांच्या तोंडून त्या शिव्या ऐकताना मला हसू आवरेना. मायकलही पुढे झुकला होता. काका रंगात आले. "आणि मधल्या फळीतला तो अकरा नंबर! उजव्या पायाने लांबून असा मारतो..."

"नो."

मी घंटा घट्ट धरून बसले. नोराच्या हातातली बशी वाकडी झाली, पोहे गालिच्यावर सांडले.

मायकलचं तोंड वेडंवाकडं झालं, मानेच्या शिरा तटतटल्या. "ल... ले... लेफ्ट."

"राइट," काका म्हणाले.

"लेफ्ट!"

"अरे, सेमीफायनल मी दोनदा पाहिली आहे! राइट!"

मायकलने डावा हात खुर्चीच्या हातावर दाणकन आपटला. "लेफ्ट! ईजिट!"

ईजिट म्हणजे आयरिश लोकांचं गाढव. काकांना तो बत्तीस वर्षं हेच म्हणत आला होता. नोरा हसत होती आणि रडत होती, तिने वडिलांचं डोकं छातीशी धरलं तर त्याने तिला बाजूला सारलं, कारण मधे ती आल्यामुळे त्याला काका दिसेनात.

"मी चहा टाकतो," असं म्हणून काका उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून मी आत गेले. केटल उकळून बंद झाली होती. काका सिंकपाशी पाठमोरे उभे होते.

"काका, काय चलाखी केलीत! पाय मुद्दाम चुकवलात ना?"

"चलाखी कसली?" ते न वळताच म्हणाले. "उजव्याच पायाने मारतो तो. मी बरोबर आहे." मग त्यांनी टी-टॉवेलने डोळे पुसले. "अगं, ही गेल्यापासून मला सगळे हो म्हणतात. मुलगा टोरोंटोहून फोनवर हो बाबा म्हणतो. सून हो म्हणते. देवळातले लोक हो हो म्हणतात आणि घड्याळ बघतात. म्हातारा बोलतोय ना, बोलू दे. मला नाही म्हणणारा जगात एकच माणूस होता गं. तोही ग्रँड म्हणायला लागला, तर मी कोणाशी बोलू?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगायचं तर मीही रडत होते.

पुढच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग मायकलचा, अडखळत, पण भिंतीपलीकडे जाईल इतका मोठा:

"टि... टिल्लू! लेफ्ट!"

काकांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, चहा तसाच सोडला आणि तरातरा बाहेर गेले.