बारशाच्या दिवशी डेटाची रसद बुडाली त्याची हकीकत

श्री गणराय प्रसन्न असोत, रेंज शाबूत असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका घरच्या राज्यात जे घडले ते थकल्या जिवाने सांगतो, बसा आणि ऐका.

राज्याचे अधिपती तात्यासाहेब म्हणोन वृद्ध गृहस्थ होते, आणि राज्यात मोठा फोन एकच, तो त्यांचे बंडीच्या खिशात असे, आणि कंपनी सरकाराकडून दररोज दीड जीबीची रसद येई, ती सरली की फोनाची गोगलगाय होई. म्हणोन तात्यासाहेब डेटाचा दरवाजा सदा बंद राखीत, आणि कन्या शेवंताबाईंनी मागितला तर "कशापायी पाह्यजे?" ऐसी चौकशी करीत. ऐशात चिरंजीव, जे चाकरीनिमित्त आसाम मुलखी होते, त्यांस कन्यारत्न झाले. बाळाचे कानी नाव सांगणे हा आत्याचा मान, आणि आत्या म्हणजे शेवंताबाई, त्यांचे गुडघे गेलेले, प्रवास होणे नाही, मग व्हिडिओवरून सांगावे ऐसे ठरले. बाईंनी नाव मनात धरिले, तात्यासाहेबांसही कळो दिले नाही.

मग तात्यासाहेबांनी दोन दिवस दरवाजा उघडलाच नाही, की रसद साठेल आणि बारशास पुरेल. रोजची रसद रोज मरते हे त्यांस ठाऊक नव्हते. मुहूर्तास बाई नवे लुगडे नेसून बसल्या आणि तात्यासाहेबांनी दरवाजा उघडिला, तो भाऊबंदांच्या ग्रुपवर दोन दिवस तुंबलेले सुप्रभात, फुले, भजने, नाचणारी पोरे एकदम आत शिरली आणि आपोआप उतरो लागली, आणि मागून मेहुणे दगडूमामांचा सात भागांचा व्हिडिओ आला, 'डेटा कसा वाचवावा'. मग कॉल लागला, सूनबाई दिसल्या, आणि तोंड उघडे ते उघडेच राहोन थिजल्या.

"तात्या, आपोआप उतरायचं बंद का न्हाय केलं?"

"दरवाजाच बंद ठिवला हुता की गं!"

"आन् उघडल्यावर समदी आत घुसली."

इतक्यात दगडूमामा जातीने हजर झाले. "दाजी, व्हिडिओ बघितला का माझा?"

"त्यानंच तर बुडीवलं, दगडू! तुझा फोन दे."

मामा खाली बघो लागले. त्यांची रसद ते सात भाग धाडण्यातच सरली होती. मग शेवंताबाई दमून बोलिल्या, "नाव कानात सांगायचंय, डोळ्यात न्हाय. साधा फोन लावा."

मग साधा फोन लागला, चिरंजीवांनी तो बाळाचे कानाशी धरिला, बाईंनी 'कुर्रर्र' केले आणि हळूच नाव सांगितले. पलीकडोन आवाज आला, "आक्का, खरखर हाय नुसती, मोठ्यानं!" पुन्हा सांगितले. "आणखी मोठ्यानं!" मग बाईंनी पदर खोचिला आणि गल्ली ऐकेल ऐशी हाक दिली, "द्वारका! अगं द्वारका!"

पलीकडे बाळ रडो लागले. अलीकडे दगडूमामांनी टोपी काढून हातात घेतली, कारण हे त्यांचे थोरल्या बहिणीचे नाव, तात्यासाहेबांचे कुटुंबाचे, आणि त्या गेल्यापासोन त्या घरात कोणी मोठ्याने उच्चारिले नव्हते. तात्यासाहेब उगाच बंडीचा खिसा चाचपीत राहिले, मग म्हणाले, "ऐकू गेलं का इचार. नसंल तर पुन्यांदा हाक मार."

येणेप्रमाणे रसद गेली, चित्र दिसले नाही, नाव मात्र दोन्ही मुलखी पोचले. त्या दिवसापासोन दरवाजा उघडाच आहे, लावण्याचे तात्यासाहेबांस सुचत नाही, आणि आम्हांसही अधिक बोलण्याचे त्राण नाही.