विकत आणलेली घाणेरी

आमच्या घरासमोर, मेलबॉक्सच्या शेजारी, जमिनीचा एक रिकामा तुकडा आहे. तिथे एखादं फुलझाड लावावं, एवढंच मी ठरवलं होतं. (एवढंच! माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे या ‘एवढंच’पासून सुरू झाले आहेत.)

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावाची माती तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. लाल, चिकट, आणि चार दिवस ऊन लागलं की वीट. त्या मातीत मी आधी गुलाब लावला, मग मोगरा, मग लॅव्हेंडर. तिघेही एकामागून एक गेले. माझी बायको उपासना त्या जागेला ‘स्मशान’ म्हणायला लागली आणि आमची कन्या इला मैत्रिणींना घराची खूण सांगताना “द हाउस विथ द डेड प्लांट” असं म्हणायची. मैत्रिणी बरोबर यायच्या.

पण मी हाडाचा स्वप्नाळू माणूस. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी खिडकीतून त्या तुकड्याकडे बघत बसायचो, आणि मला तिथे फुलं दिसायची. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलंय, केशरी-गुलाबी गुच्छ डोलताहेत, त्यांच्यावर फुलपाखरं भिरभिरताहेत, आणि फिरायला निघालेली माणसं थबकून विचारताहेत, “कोणी लावलं हो हे?” मी नम्रपणे मान खाली घालणार, तेवढ्यात लॅपटॉपमधून आवाज यायचा, “विनय, आर यू देअर?”

मे महिन्यात मी नर्सरीत गेलो आणि स्पष्ट सांगितलं, की माती वाईट आहे, ऊन कडक आहे आणि माणूस माझ्यासारखा आहे. तिथल्या बाईंनी मला एक झुडूप दाखवलं. एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं! “लँटाना,” त्या म्हणाल्या. “पाणी नको, खत नको. लावा आणि विसरून जा. हे मरत नाही.”

माझा ऊर भरून आला. गाडीतून उतरवताना दारात सापडून त्याची एक फांदी मोडली, ती मी एसीच्या यंत्रामागे, बिल्डरने टाकलेल्या दगडविटांच्या राड्यावर भिरकावली आणि बाकीचं झाड वाजतगाजत स्मशानात नेलं.

इथवर ठीक होतं. पण त्याच संध्याकाळी आमच्या मित्राकडे, नरेंद्रकडे, सगळी मंडळी जमली असताना माझी जीभ सैल सुटली. ऑक्टोबरमधल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना आम्ही आळीपाळीने एकेकाच्या घरी करतो, आणि दर वर्षी बुद्धमूर्तीपुढे सुपरमार्केटची फुलं असतात, प्लास्टिकच्या कागदातली.

“या वर्षी आमच्याकडे,” मी जाहीर केलं, “आणि फुलं आमच्या दारातली!”

टाळ्या पडल्या. परतताना गाडीत उपासना म्हणाली, “आई पण असणार आहे या वर्षी. तिच्या गावी वंदनेला कधी विकतचं फूल आलेलं नाही. तिच्यासमोर तरी फजिती करू नकोस यार.”

खरं सांगतो, त्या क्षणी मला फजितीची भीती वाटली नाही. मला दिसली ती रत्नाबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, ओंजळ. परक्या देशात लेकीच्या घरी आलेल्या त्या बाईच्या ओंजळीत आपल्या दारचं फूल पडावं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

जूनमध्ये त्या आल्या. मी त्यांना बॅगा ठेवायच्या आधीच झाडापुढे उभं केलं. “आई, ओळखा पाहू!”

त्यांनी वाकून एक पान चुरगळलं, वास घेतला. “बाप्पा! हे तं घाणेरी आहे!”

“लँटाना म्हणतात इकडे.”

“इकडे काहीही म्हणू द्या. बांधावरची घाणेरी उपटून उपटून हात सोलले आमचे. तुमच्या दारात कशी उगवली?”

“उगवली नाही. आणली.”

“कुठून?”

“दुकानातून.”

“पैसे देऊन?”

मी आकाशाकडे बघितलं. (मी फ्लॅटमध्ये वाढलो. आमच्याकडे बांध नव्हता, बाल्कनी होती.) सासूबाई लेकीकडे वळून हळूच म्हणाल्या, “शिकलेला माणूस आहे. असू दे.”

म्हणजे आता प्रश्न अब्रूचा झाला. गुलाब मेला तर लोक हवामानाला दोष देतात. घाणेरी मेली तर दोष द्यायला माणूसच लागतो, आणि तो मीच होतो. मग ‘विसरून जा’ हे कसं जमणार? मी राबराब राबून लाल माती उकरली, पोत्याने कंपोस्ट ओतलं आणि फोनवरून चालणारं ठिबक लावलं. संध्याकाळी खुर्ची टाकून मी झाडापाशी बसायचो. काजवे निघायचे, आभाळ जांभळं व्हायचं आणि मी अर्धवट डोळ्यांनी त्या फुलांची वाट बघायचो. झाड वाढलं, चांगलं भरदार झालं. पानं हिरवीगार, आणि फूल एक नाही.

ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडायला लागली. मी ठिबक वाढवलं. आणखी पडली. आणखी वाढवलं.

एका शनिवारी सकाळी मी माशांच्या खताची बाटली शर्टाखाली लपवून गुपचूप बाहेर आलो (वासामुळे ती घरात ठेवायला बंदी होती), तर झाडापाशी उपासना चहाचा चोथा घेऊन उभी.

“तू इथे काय करतेस?”

“काही नाही. सहज. रोज येते.”

“रोज?”

एवढ्यात इला केळ्याच्या साली भिजवलेलं पाणी घेऊन आली. “ओह नो,” ती म्हणाली, “यू गाइज टू?” आणि तिच्यामागून सासूबाई, हातात तांदळाच्या धुवणाचं पातेलं.

“आई, तुम्हीसुद्धा? घाणेरीला?”

“दारातलं झाड आहे,” त्या जराशा ओशाळून म्हणाल्या. “घाणेरी असली म्हणून उपाशी ठेवायची का? सकाळी धुवण, दुपारी ताक देते मी.”

आम्ही चौघं हातातली भांडी घेऊन झाडाकडे बघत राहिलो. जे झाड ‘मला काही नको’ म्हणून जन्माला आलं, त्याला आमच्या घरात रोज पंगत होती. घरी आलेल्याला ‘आणखी थोडं घ्या’ म्हटल्याशिवाय आम्हाला राहवत नाही, मग ते झाड का असेना. आठवड्याभरात ते मुळापासून कुजून आडवं झालं.

वंदनेच्या दिवशी सकाळी मी चोरासारखा सुपरमार्केटमध्ये गेलो आणि शेवंती आणली. ठरवलं होतं की प्लास्टिक काढून टाकायचं, देठ वेडेवाकडे कापायचे आणि विचारलंच तर ‘मागच्या अंगणातली’ म्हणायचं. पण सासूबाई नवी पांढरी साडी नेसून, मूर्तीपुढचं ताट पुसत बसल्या होत्या. मला बघून त्या हसल्या, आणि मला थाप मारवेना. मी प्लास्टिक टाकायच्या निमित्ताने बाहेर पळालो.

कचऱ्याचा डबा एसीच्या यंत्राशेजारी असतो. मी झाकण उघडलं आणि सहज मागे पाहिलं.

राड्याच्या ढिगावर, विटांच्या फटीतून, माझ्या कमरेला लागेल एवढं झुडूप उभं होतं. पिवळं, केशरी, गुलाबी. गुच्छच गुच्छ. सकाळच्या कोवळ्या उन्हात फुलपाखरं त्यावर भिरभिरत होती, आणि मी हातात प्लास्टिक धरून नुसता उभा राहिलो. अगदी तेच स्वप्न होतं, फक्त पत्ता चुकला होता. मेमध्ये भिरकावलेली ती मोडकी फांदी! सगळा उन्हाळा मी तिच्यापासून चार हातांवर कचरा टाकत होतो, पण माझे डोळे कायम समोरच्या रोग्याकडे.

“आई!” मी ओरडलो. “ताट घेऊन या!”

सासूबाईंनी स्वतः फुलं खुडली. वंदनेच्या वेळी त्यांची ओंजळ भरलेली होती, घाणेरीने. उपासनेने माझा हात घट्ट धरला. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

जेवताना नरेंद्र म्हणाला, “विनय, मान गये यार! आमच्याकडे एक झाड जगत नाही. नक्की काय केलंस?”

मी घसा साफ केला, नम्रपणे मान खाली घातली. पण उत्तर सासूबाईंनी दिलं.

“काही नाही केलं त्यांनी. झाड यांना दिसलंच नाही, म्हणून वाचलं.”

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. तेवढ्यात इला माझ्या खुर्चीजवळ आली, खांद्यावर हात ठेवला आणि फार प्रेमाने म्हणाली, “बाबा, माय सायन्स प्रोजेक्ट इज ड्यू नेक्स्ट वीक. कॅन यू प्लीज नॉट सी दॅट टू?”