धगधग्याला मारायचं कसं

धगधग्या. पहिला मसुदा. उंची: दोन मजले. शस्त्र: जळता चाबूक. मुक्काम: तेलाचं कोठार. पाण्याला घाबरतो.

धाकटीने हे कार्ड जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि तिथेच घात झाला. टेबलाशी बाबा बसले होते, आणि बाबा अग्निशमन दलातून निवृत्त झालेले.

"हे काय गं?"

"राक्षस, बाबा. फासे टाकून खेळायच्या खेळातला. खेळणाऱ्यांनी त्याला मारायचं असतं. आज पाचपर्यंत प्रकाशकाला पाठवायचाय. आवडला तर राक्षसांचा अख्खा संच माझ्याकडे, नाहीतर गेला दुसऱ्या कुणाकडे."

"आगीला चाबूक कशाला लागतो?" म्हणत बाबांनी चष्मा लावला आणि पेन हातात घेतलं.

दुसरा मसुदा. चाबूक रद्द. दर फेरीला दुप्पट होतो. पडदे, गाद्या, खेळाडूंचे झगे, काहीही खातो. जळत्या तेलावर पाणी ओतलंत तर तिप्पट.

तिसरा मसुदा. त्याच्या आधी धूर येतो. धुरात दोन फेऱ्या काढणारा खाली बसतो. खाली बसलेला उठत नाही.

"बाबा, जरा जास्तच होतंय हं."

"कमीच लिहिलंय मी."

तीन वाजता चाचणी. ताई मांत्रिक झाली, धाकटीचा नवरा सरदार. ताईने मोठ्या हौसेने पाऊस पाडला, तोही नेमका कोठारावर. खेळ चार मिनिटांत आटोपला. दुसऱ्या वेळी तीन. तिसऱ्या वेळी नवरा फासे खुळखुळवत असतानाच मेला.

"खेळायला बोलावलंयस की सांत्वनाला?" ताई म्हणाली.

साडेचार. न मरणारा राक्षस कोण छापणार? चाबूकवाला परत आणावा, तर आता त्याच्याकडे बघून तिलाच हसू येत होतं.

"बाबा, तुम्हीच बसा खेळायला. तुम्हीच वाढवून ठेवलाय ना त्याला!"

बाबा बसले. नवऱ्याचा सरदार तलवार उपसून कोठारात घुसला.

"तुमची पाळी, बाबा. काय करताय?"

"दार लावतो."

"कुठलं दार?"

"कोठाराचं. बाहेरून. फटींत ओली पोती."

"अहो बाबा, मी आत आहे!" नवरा ओरडला.

"माहीत आहे."

फासे टाकायची वेळच आली नाही. आतली हवा संपली आणि तिसऱ्या फेरीत धगधग्या विझला.

"मेला!" धाकटीने टाळी वाजवली.

"निदान एकदा हाक तरी मारायची," नवरा पुटपुटला. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

पाचला चार मिनिटं कमी असताना तिने सगळं पाठवलं. उत्तर लगेच आलं: "जबरदस्त! संच तुमचाच. फक्त आत अडकलेल्याला वाचवायचा एखादा नियम घाला."

"सांगा ना, बाबा," धाकटी हसत म्हणाली, "तुम्हाला तर माहीतच असणार."

बाबांनी चष्मा काढून कार्डावर ठेवला.

"तुला सुचला," ते म्हणाले, "तर मलाही सांग."