दोन सांगितले, सहा दिले

मास्तरांनी आयुष्यात कुठल्याही शाळेत एक तास घेतला नव्हता. तरी सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे, कारण न विचारता शिकवायची त्यांना खोड होती. अशा माणसाला वेळीच कुणी गप्प बसवत नाही, आणि भोगतात घरचे.

बायकोचं शिवणकामाचं दुकान. दुकान कसलं, चार हात रुंदीची खोली. शटर इतकं जड झालेलं की उचलताना बाईचा खांदा बोलायचा.

"उद्या दहाला शटरवाला येतोय," ती म्हणाली. "स्प्रिंग सैल पडलीय, दोन वेढे द्यावे लागतील म्हणाला. आणि म्हणाला, कुणी हात लावू नका."

"म्हणणारच. त्याचं पोट त्यावर आहे." मास्तरांनी दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढून तिच्या नाकासमोर धरला. "हे बघ. दाबला की आतलं वेटोळं पिळलं जातं. सोडला की पीळ सुटतो आणि चिमटा मिटतो. उंदराच्या सापळ्यात हेच, तुझ्या केसांच्या क्लचरमध्ये हेच. वर दांड्यावर बसलीय ती याचीच थोरली बहीण. शटर खाली येताना ती पिळली जाते, वर जाताना तोच जोर परत देते. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"कळलं. आता खाली ठेवा तो चिमटा."

मास्तर स्टुलावर चढले. पान्याने दोन वेढे दिले. मग बायकोचा खांदा आठवला. शटर कसं फुलासारखं वर गेलं पाहिजे. आणखी दोन दिले. हात काळे झालेच आहेत तर आणखी दोन.

"किती दिलेत?"

"पुरेसे."

साडेसहा वाजले. सातला लेकीचं नाटक होतं. गेल्या वर्षी मास्तर शेजाऱ्याला नळदुरुस्ती शिकवत बसले आणि नाटक बुडालं. पोरगी आठवडाभर बोलली नव्हती. यंदा पहिल्या रांगेत बसायचं वचन दिलं होतं.

बायकोने शटर खाली ओढलं. ते कमरेपर्यंत आलं आणि तिला घेऊन परत वर गेलं. एक चप्पल तेवढी जमिनीवर राहिली.

"सरक, तंत्र असतं," म्हणून मास्तर लोंबकळले. वाळत घातलेल्या पायजम्यासारखे नुसते हलत राहिले.

"लोकांचे कपडे आहेत आत, उघडं टाकून जायचं?" बायको म्हणाली. "आईला बोलावते."

सासूबाई वरच्या मजल्यावरून उतरल्या. भारदस्त बाई. "माझ्या वजनावर जेवताना बोलता ना, जावईबापू? आज लागलं का कामाला?"

दारात दोघी उभ्या राहिल्यावर तिसऱ्याला जागा उरेना. मास्तर आत शिरले आणि आतली मूठ धरली. तिघांनी जोर लावला, सासूबाई खालच्या पट्टीवर उभ्या राहिल्या, शटर कण्हत जमिनीला टेकलं. बायकोने झटक्यात कुलूप अडकवलं.

"जमलं," आतून आवाज आला.

 बाहेर सासूबाई पट्टीवरून उतरल्या. "जावईबापू, तुम्ही आत आहात."

"मग उघडा."

"उघडलं तर पुन्हा बंद करायला तुम्हाला आतच यावं लागेल," बायको म्हणाली. "पावणेसात झालेत. पंखा लावून बसा."

दोघी गेल्या.

आठ वाजता शटरवर इवलीशी टकटक झाली. "बाबा, मी एकही वाक्य विसरले नाही."

मास्तर शटरला कान लावून खाली बसले. "म्हणून दाखव."

तिने रस्त्यात उभं राहून अख्खं नाटक म्हणून दाखवलं. सगळ्यांची वाक्यं तिला पाठ होती. आतून टाळ्या आल्या.

"यंदा तुम्ही सगळ्यात पुढे बसलात," ती म्हणाली.

बायकोने विनवण्या करून शटरवाल्याला त्याच रात्री बोलावलं. त्याने शटरवर कान ठेवला, बोटाने ठोकून पाहिलं. "मी दोन सांगितले होते. स्प्रिंगला सहा पडलेत. कुणी केलं हे?"

"स्प्रिंगच खराब असणार," आतून आवाज आला.

शटरवाला दचकला. "आत कोण आहे?"

"काही नाही," बायको म्हणाली. "जास्तीचे चार वेढे आहेत."