चैतूभाऊंची न फाटणारी रेघ

आमच्या अहेरीत लग्नाचं फ्लेक्स छापायला नवरदेव आला, की चैतूभाऊ दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्याचाच फोटो मोठा करत करत त्याला दाखवायचे. नाक घरकुलाएवढं व्हायचं, डोळ्यांच्या विटा व्हायच्या. "पाह्यलं? फाटला! फोटो म्हंजे ठिपक्यायचं गाठोडं. रेघ फाटत नाई." मग फोटोऐवजी रेघांनी काढलेला नवरदेव देऊ करायचे. निम्मा तालुका त्यांच्यावर रुसला, उरलेल्याची लग्नं मोडली.

या रेघांच्या चित्राला एसव्हीजी म्हणतात. अहेरीनं ऐकलं 'सावजी'. दोघं तर मटणासाठी रिकामे डबे घेऊन आले. भाऊंनी त्यांनाही बसवून घेतलं. "हे कोन्या कंपनीच्या बापाचं नाई. फुकट हाये, कोन्याबी मोबाईलवर उघडते."

"आन् रस्सा?" एकानं विचारलं.

माझं बांगड्या-टिकल्यांचं दुकान शेजारीच. तो रस्सा मी रोज प्यालोय.

गेल्या पावसाळ्यानंतर भाऊ अर्धं शटर पाडून नकाशा करत बसले. सगळा तालुका रेघांनी काढला. गावावर बोट ठेवलं की ते उघडायचं: माणसं किती, दवाखाना किती लांब, वाटेत कोणता नाला. खालची पट्टी सरकवली की पाणी चढायचं आणि रस्ता तुटलेली गावं एकेक करून लाल व्हायची. सगळ्यांत आधी भुरकाटोला. मोहरीएवढा ठिपका. तिथं त्यांची थोरली बहीण दिलेली होती. त्याच पावसाळ्यात ती तापानं फणफणली. नाला भरलेला, पलीकडं न्यायला लाकडी डोंगा नाही. पाणी उतरेपर्यंत अक्का राहिली नाही.

"साहेबानं एकदा बोट ठेवलं पायजे," भाऊ म्हणायचे, "का डोंगा भेटलाच समज भुरकाटोल्याले."

आम्ही दोघं तहसील ऑफिसात गेलो. साहेबांनी पट्टी सरकवली, परत सरकवली, हत्ती पाहिलेल्या पोरासारखे खूश झाले. "वा! याची प्रिंट द्या. भिंतीवर लावू."

"साहेब, प्रिंट उघडत नाई."

"मग मोठी द्या."

भाऊ देईनात. मग तिथल्या बाबूनं मोबाईलनं पडद्याचाच फोटो काढला, दुसरीकडून फ्लेक्स छापून आणलं आणि भिंतीवर ठोकलं. फाटायचं ते फाटलं. मोठी गावं म्हशींसारखी फुगली आणि भुरकाटोला जंगलाच्या हिरव्या धुरात विरघळून गेला. पुढं बैठकीला आलेल्या मोठ्या साहेबांनी त्या फ्लेक्सवर बोट ठेवलं. काही उघडलं नाही. जोरात दाबलं. "बंद पडलंय वाटतं," म्हणाले. डोंग्याचा विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्या दुकानात. "टिकलीचं पाकीट दे. लाल. सगळ्यात लहान."

मी कशाला सोडतोय? "काऊन भाऊ, या वयात जमलं का काय? नवरी रेघायची हाये का ठिपक्यायची?"

भाऊ हसले नाहीत. पाकीट खिशात घालून गेले.

काही दिवसांनी दाखला काढायला मी ऑफिसात गेलो, तर भिंतीपुढं चैतूभाऊ पाठमोरे उभे. फ्लेक्सवरच्या त्या धुरात, नेमक्या जागी, एक लाल टिकली चिकटवलेली. तिच्यावर त्यांचं बोट.

"भाऊ," मी हळूच म्हणालो, "हे उघडत नाई."

"मालूम हाये," ते म्हणाले. बोट काढलं नाही.