अभ्यंकर काकांचे मासे

अभ्यंकर काका माशाच्या तोंडातला गळ काढण्याआधी त्याला सांगतात, "थोडं ओढल्यासारखं वाटेल हं." तीसेक वर्षं हॉस्पिटलमध्ये लोकांना भूल दिलेला माणूस. रिटायर झाले, तरी समोरचा जीव त्यांच्या लेखी पेशंटच.

साउथहॅम्प्टनला ते आमच्या शेजारी राहतात. आमचा बॉयलर बिघडला तेव्हा त्यावर हात ठेवून, डोळे मिटून म्हणाले, "निरीक्षणाखाली ठेवू." वाऱ्याने कुंपण पडलं, तेही निरीक्षणाखाली. माझ्या इडल्या दगड झाल्या, त्याही. पण मी या देशात नवी असताना आठ दिवस तापाने पडले होते, तेव्हा रोज दाराशी मऊ भाताचा डबा ठेवून, लेटरबॉक्समधून "आज किती आहे गं?" असं विचारणारे हेच.

म्हणून गेल्या ऑक्टोबरात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, गाडी चालवायला बंदी आली आणि ते "वेल्सला सोडशील का?" विचारायला माझ्याकडे आले, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. दर ऑक्टोबरात ते आणि त्यांची मुलगी इरा वेल्सच्या डोंगरातल्या एका धरणावर ट्राउट पकडायला जातात. काकू गेल्या त्या वर्षीही गेले होते.

"पण काका, तुम्ही तर शाकाहारी."

"खायला कोण जातंय?"

धरणावर पोचलो तेव्हा वारा झोंबत होता आणि डोंगरावरचं नेचं पार तांबूस झालं होतं. इरा तिच्या गाडीने परस्पर आली होती. ती आता कार्डिफला ज्युनिअर डॉक्टर आहे. नाइट संपवून थेट आल्यामुळे तिचे डोळे लाल होते. काकांनी छातीपर्यंतची रबरी विजार चढवली, हातात ऑपरेशनचे निळे ग्लोव्ह्ज घातले आणि पाण्यात उतरले.

तासाभराने इराच्या गळाला काहीतरी लागलं आणि निसटलं.

"बाबा, मासा गेली."

"गेला. तो मासा, इरा."

"तुम्ही चेक केलं का?"

यावर काकांनी बराच विचार केला आणि मान्य केलं की केलं नव्हतं.

मग त्यांच्या गळाला एक ट्राउट लागला. जाळीत घेऊन, पाण्यातच धरून त्यांनी गळ सोडवला, कल्ल्यांची हालचाल बघितली, "श्वास उत्तम" म्हणाले आणि त्याला डिस्चार्ज दिला.

दुपारी इरा आणि मी काठावर थालीपीठ खायला बसलो. काका पाण्यातच होते. मी विचारलं, "यांना हे वेड लागलं कुठून?"

इरा हसली. "ताई, मी नऊ वर्षांची होते. शाळेत 'माय डॅड' वर लिहायचं होतं. मी एकच ओळ लिहिली. माय डॅड इज ऑन कॉल. पेरेंट्स इव्हनिंगला बाबांनी ती वाचली. पुढच्या वीकेंडला दोन रॉड घेऊन आले. दोघांनाही काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त माझी टोपी पकडली."

"पण इतक्या लांब कशाला?"

"इथे फोनला रेंज नाही. त्यांनी मॅपवर तसं ठिकाण शोधलं होतं. सहा तास माझ्या शेजारी उभे होते. मी माझ्या हॅमस्टरचीच गोष्ट सांगत होते आणि ते ऐकत होते." तिने हात पुसले. "आता मी ऑन कॉल असते ना, तेव्हा कळतं, एक अख्खा दिवस काढायला काय लागतं ते."

ती उठली आणि पाण्याच्या कडेला गेली. इरा बसमधून उतरताना ड्रायव्हरलाही थँक यू म्हणते. आत्ता मात्र तिने आधी जाकिटाची चेन वर ओढली, खाली ओढली, मग म्हणाली,

"थँक यू, बाबा."

"कशाबद्दल?"

"तुम्ही यायचात, त्याबद्दल."

काकांनी मान हलवली. मग आमच्याकडे पाठ केली आणि दोरा गुंतलाय म्हणाले. बराच वेळ ते तो सोडवत राहिले. मला काठावरून दिसत होतं, दोरा सरळच होता.